पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच: पहिला गेमिंग पीसी जुळवणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही सहज लिहून गेलो की पहिल्यांदाच घरी गेमिंग पीसी जुळवणार असाल तर पैसे भरायच्या आधी पार्टची यादी आमच्याकडे पाठवा. ते सहज लिहिलेलं अंगाशी आलं, याद्यांचा ढीग लागला. गंमत म्हणजे बऱ्याच याद्यांमधला एकेक पार्ट सुटा बघितला तर झकास आहे, पण एका डब्यात घातला की एकमेकांशी बोलतच नाही. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत, नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षं साठवलेले आणि आजीने दिलेले असे पैसे जमलेत. यादी अशी आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी-७६० मदरबोर्ड, डीडीआर-५ रॅम १६ जीबीची एक स्टिक ६००० स्पीडची, आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आणि एक काचेची कॅबिनेट जिच्यासोबत ५०० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) फुकट आहे. एका व्हिडिओतून थोडं, दुसऱ्यातून थोडं असं घेतलंय. ऑर्डर टाकू का? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: थांब रे बाबा, आजीचे पैसे आहेत.

पहिली गोष्ट, रायझन ५६०० हा एएमडीचा, एएम-४ सॉकेटचा प्रोसेसर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा). त्याच्या पोटाखाली १३३१ पिना असतात. बी-७६० हा इंटेलचा बोर्ड, त्याचं सॉकेट एलजीए १७००, तिथे पिना बोर्डावर असतात आणि प्रोसेसर खालून सपाट. म्हणजे हे बसणारच नाही, आणि बसत नाही म्हणून कुणीतरी जोर लावतोच, मग दोन्हीकडच्या पिना वाकतात आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी नसते. दुसरं, ५६०० ला डीडीआर-४ रॅम लागते, डीडीआर-५ चालत नाही. दोन्हीला पिना २८८च आहेत त्यामुळे फोटोत सारख्या दिसतात पण मधली खाच वेगळ्या जागी आहे, स्लॉटमध्ये जाणारच नाही. तुझ्या यादीत प्रोसेसर एका घरचा, बोर्ड दुसऱ्या घरचा, आणि रॅम त्या बोर्डाच्या बाजूची.

आता तुला रस्ते तीन. पहिला, ५६०० ठेव, बोर्ड बी-५५० घे, रॅम डीडीआर-४ ३२०० किंवा ३६०० स्पीडची, ८-८ च्या दोन स्टिक. हा जुना पण भरवशाचा संसार आहे, फक्त पुढे त्याच बोर्डावर फार वर जायला जागा नाही, एएम-४ ची गाडी शेवटच्या स्टेशनला आलेली आहे. दुसरा, रायझन ५ ७६०० आणि बी-६५० बोर्ड, हे एएम-५ सॉकेट, इथे डीडीआर-५च लागते, दुसरी चालतच नाही. खर्च जास्त, पण तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागायची शक्यता आहे, कारण एएमडीने हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्याच्याही पुढे चालवणार असं सांगितलंय. तिसरा, इंटेलचा आय-५ १२४००एफ आणि तुझा तो बी-७६० बोर्ड. इथे मात्र एक खड्डा आहे, बघ. बी-७६० बोर्ड डीडीआर-४ चा पण येतो आणि डीडीआर-५ चा पण येतो, नाव जवळजवळ एकच, फक्त शेपटीला कुठेतरी 'डी-४' असं लिहिलेलं असतं. दुकानदार घाईत दुसराच देतो, आपण घरी येऊन रॅम घालायला जातो तेव्हा कळतं. खोक्यावरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचून घ्यायचं, लाज वाटायचं काही कारण नाही.

मला विचारशील तर तुझ्या बजेटला पहिला रस्ता बरा. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव जे चढायला लागले (एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीचा सगळा माल उचलला म्हणून), त्यानंतर मी कुणालाही रॅमचा आकडा तोंडी सांगायचं सोडलंय. डीडीआर-४ सुद्धा स्वस्त राहिलेली नाही, त्यामुळे घेशील त्या दिवशी तिन्ही रस्त्यांची बेरीज मांड आणि मगच ठरव. कुणाच्या जुन्या पीसीतली चांगली डीडीआर-४ मिळत असेल तर पहिल्या रस्त्याचा फायदा आणखी वाढतो.

रॅमची एकच स्टिक नको. दोन लावल्या की ड्युअल चॅनल चालतं आणि गेममध्ये ते जाणवतं. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा, शेजारी-शेजारी नाही. आणि पीसी चालू झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडला चालवायची सेटिंग, चालू कर, एएमडीच्या बोर्डावर कधीकधी त्यालाच डीओसीपी म्हणतात आणि डीडीआर-५ असेल तर एक्स्पो. हे केलं नाहीस तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० ने रांगत राहील आणि तू म्हणशील कार्डच खराब आहे.

अजून एक, ५६०० च्या नावाने कुणी ५६००जी गळ्यात मारायला बघेल, "त्यात ग्राफिक पण आहे, फुकटात" म्हणून. कार्ड घेणारच आहेस तर जी नको, त्यात कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मा म्हणजे ३२ च्या जागी १६ एमबी, आणि पीसीआयई, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, पण एक पिढी मागचं, ३.०. आरटीएक्स ५०६० मुळात आठच लेनवर चालणारं कार्ड, त्याला रस्ता अरुंद करून द्यायचा नाही.

आणि तो फुकटचा एसएमपीएस. त्याचं उत्तर खाली जालन्याच्या पत्रात देतो कारण त्यावर मला जरा तोंड सोडायचंय.

प्रश्न: मुलगा म्हणतो प्रोसेसर एफवाला घ्या, स्वस्त आहे. दुकानदार म्हणतो एफ घेऊ नका, डिस्प्ले येणार नाही. कोणाचं खरं? — एक वडील, नाशिक

उत्तर: दोघांचंही. इंटेलच्या नावापुढे एफ असला की त्यात आतलं ग्राफिक बंद असतं, मॉनिटरला चित्र द्यायला वेगळं कार्ड लागतंच. तुम्ही कार्ड घेणार आहात म्हणजे मुलगा बरोबर. पण कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ, तोवर असंच चालवू, असा बेत असेल तर दुकानदार बरोबर, महिनाभर नुसता पंखा बघत बसाल. आणखी एक फायदा लक्षात ठेवा काका, उद्या कार्ड वॉरंटीत गेलं तर बिनएफवाला पीसी त्या दिवसांत मुलाच्या अभ्यासापुरता चालू राहतो. फरक हजार-पंधराशेच्या आतबाहेर असेल तर मी बिनएफवालाच घेईन. रायझनमध्ये नुसतं एफ बघून भागत नाही, तिथे एफ नसूनही ५६०० मध्ये ग्राफिक नाही, ७६०० मध्ये कामापुरतं आहे.

प्रोसेसर खोक्यातला घ्या, ट्रेवाला म्हणजे बिनखोक्याचा सुटा नको. ट्रेवाला थोडा स्वस्त पडतो पण त्यात पंखा नसतो आणि वॉरंटी बहुतेक वेळा दुकानदाराच्या शब्दावर असते.

प्रश्न: सगळं जोडलं. रायझन ५६००, मित्राकडून घेतलेला बी-४५० बोर्ड, नवीन रॅम, आरएक्स ६६०० कार्ड. बटण दाबलं की पंखे फिरतात, लाइटा लागतात, पण स्क्रीन काळीच. तीन दिवस झाले. आई म्हणते दुकानातून तयार आणला असता तर... — एक वाचक, चिपळूण

उत्तर: आईला सांग, लेखकाचीही एक रात्र अशीच गेली होती.

माझा पहिला असेंबल पीसी. सगळं जोडलं, पंखे गरगर, स्क्रीन काळी. रॅम काढून घातली, पुसून घातली, देवाचं नाव घेऊन घातली. पहाटे हार मानली आणि सकाळी तो डबा चादरीत गुंडाळून एसटीने तालुक्याच्या गावी नेला. दुकानातल्या पोराने झाकण उघडलं, वरच्या कोपऱ्यात बोट घातलं, एक वायर खोचली, "चाय घेणार का" म्हणाला. प्रोसेसरच्या पॉवरची चार पिनांची वायर मी लावलीच नव्हती. बोर्डाची मोठी २४ पिनांची लावली म्हणजे झालं असं मला वाटलेलं. पंखे त्या मोठ्या वायरवर फिरतात, म्हणून फसायला होतं.

तर तू आधी तेच बघ. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनांचं, कधी ४ चं सॉकेट असतं, तिथली वायर ४+४ अशी फुटते. कार्डाची वायर ६+२ अशी फुटते. दिसायला सख्ख्या बहिणी पण आतली जोडणी उलटी आहे, एकीच्या जागी दुसरी जोर लावून घालू नकोस. मग बघ मॉनिटरची केबल कार्डात लावलीय की बोर्डात. हसू नकोस, याच कारणाने मी दोन लग्नाळू इंजिनिअर रडकुंडीला आलेले बघितलेत. मग एकच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाब.

पण खरं सांगू का, मला शंका दुसरीच आहे. बी-४५० हा बोर्ड २०१८ चा आणि तुझा ५६०० आला २०२२ ला. बोर्डाला हा प्रोसेसर ओळखताच येत नसेल. सॉकेट तेच असलं तरी आतलं बायोस जुनं असेल तर बोर्ड नव्या पाहुण्याला दार उघडत नाही, पंखे फिरवतो आणि गप्प बसतो. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी असते, तिथे ५६०० समोर बायोसचं कमीत कमी व्हर्जन लिहिलेलं सापडेल. मित्र त्या बोर्डावर कुठला प्रोसेसर चालवत होता ते विचार. रायझन २६०० वगैरे असेल आणि कधी अपडेट केलं नसेल तर हेच कारण. तो जुना प्रोसेसर दोन तासांसाठी उसना आण, बायोस अपडेट कर, मग तुझा घाल. काही बोर्डांना मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असतं, ते असेल तर प्रोसेसरसुद्धा लागत नाही, पेनड्राइव्हवर फाइल टाकून काम होतं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो, आणि चिपळूणला पावसाळ्यात लाइटचं काय असतं ते तुला मी काय सांगणार, तेव्हा यूपीएसवर कर.

जुना प्रोसेसर काढताना एक सांभाळ. एएम-४ चा कूलर सरळ वर ओढलास तर पेस्टला चिकटून प्रोसेसर कुलूप न उघडताच सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. पीसी आधी पाच-दहा मिनिटं चालवून गरम कर, मग कूलर थोडा डावी-उजवीकडे फिरवत सोडव.

(हीच भानगड इंटेलकडे पण आहे. बी-६६० किंवा एच-६१० च्या जुन्या स्टॉकच्या बोर्डावर १४ व्या पिढीचा प्रोसेसर घातला की तेच, आधी अपडेट. दुकानदाराला विकत घेतानाच करून द्यायला सांगा. आणि एएम-५ वर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहणं नॉर्मल आहे, बोर्ड तेव्हा रॅमची ओळख करून घेत असतो, मध्येच बटण दाबून बंद करू नका.)

प्रश्न: सर, आमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, लाइट जाते. घरी इन्व्हर्टर आहे. कॅबिनेटसोबतचा ५०० वॅटचा एसएमपीएस चालेल का? आणि पीसीच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात, हे नॉर्मल आहे का? — एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर: मुंग्या येणं नॉर्मल नाही, तिथूनच सुरू करू. तुमच्या भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डाला अर्थिंग नाही, किंवा आहे पण नावाला आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टर असतो, तो थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतो, आणि अर्थिंगच नसली की तो करंट डब्याच्या पत्र्यावर येऊन बसतो. म्हणून हाताला झिणझिण्या. पाऊस-ओल असेल, पायात चप्पल नसेल तर जास्त. चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून "झालं काम" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, ते जिवावर बेतू शकतं. आणि तिसरी पिन तोडून टू-पिनमध्ये घालायचं बंद करा.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत येणाऱ्या डब्यावर ५०० लिहिलेलं असतं, पण स्टिकर नीट वाचा. गेमिंग पीसीची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टच्या लाइनवर असते. तिथे किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर झाले २१६ वॅट, बाकीचे ५०० पर्यंतचे वॅट हे लग्नातल्या पाहुण्यांसारखे, मोजायला आहेत कामाला नाहीत. खऱ्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास दिसतात.

हिशोब तसा सोपा आहे. सांगलीच्या पोराच्या यादीतलं आरटीएक्स ५०६० घ्या, १४५ वॅटचं. ५६०० प्रोसेसर शंभराच्या आत. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ धरा. झाले तीनशेच्या आसपास. मग कंपनी ५५० चा एसएमपीएस का सांगते? कारण कार्ड काही मिलिसेकंदांसाठी अचानक त्याच्या आकड्यापेक्षा बराच जास्त घास घेतं, आणि हलका एसएमपीएस त्या झटक्याला बंद पडतो, गेम ऐन रंगात असताना पीसी आपोआप रिस्टार्ट होतो. शिवाय मरताना स्वस्त एसएमपीएस एकटा मरत नाही, बोर्ड-कार्ड सोबत घेऊन जायची भीती असते. मी तर याद्या बघताना आधी शेवटची ओळ वाचतो, कारण सगळेजण एसएमपीएस शेवटी लिहितात आणि उरलेल्या पैशात बसवतात. ५५० किंवा ६५० चा, ८० प्लस ब्राँझ, चांगल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीवाला घ्या. ८० प्लस म्हणजे क्वालिटीची हमी नाही हेही सांगतो, ते फक्त वीज किती वाया जाते त्याचं माप आहे, पण ज्याच्यावर तेही नाही तो घ्यायचाच नाही. मॉड्युलर (सगळ्या केबल सुट्या निघणारा) असेल तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा, जुन्या दुसऱ्या कंपनीची केबल तोंडाला बसते पण दुसऱ्या टोकाला जोडणी वेगळी असते, आणि हार्डडिस्क जळते.

इन्व्हर्टरचं असं आहे की तो स्क्वेअर वेव्ह असेल तर गेमिंग पीसी त्यावर नको. साइन वेव्ह असेल तर मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बदलायला जो वेळ लागतो तेवढा वेळ एसएमपीएस तग धरत नाही, त्याची ताकद साधारण १६-१७ मिलिसेकंद. वेगळा यूपीएस घेणार असाल तर व्हीए आणि वॅट एक नव्हे, ६०० व्हीए चा म्हणजे साधारण ३६० वॅट, मॉनिटर धरून गेम चालू असताना तो काठावर येतो आणि टूं टूं करून बंद पडतो. ११०० व्हीए बघा. आणि यूपीएस गेम पूर्ण करायला नसतो हो, सेव्ह करून नीट बंद करायला असतो.

प्रश्न: इथे मे महिन्यात ४५-४६ ला पारा जातो. मला तीन पंख्यांचं कार्ड आणि दोन बाजूंनी काच असलेली छोटी कॅबिनेट आवडली आहे. बसेल ना? — एक वाचक, चंद्रपूर

उत्तर: बसेल की नाही हे तीन मापं सांगतात, ती कॅबिनेटच्या पानावर दिलेली असतात. कार्डाची लांबी: तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या आसपास किंवा वर जातात, आणि पुढे रेडिएटर किंवा पंखे लावले की त्यातून आणखी जागा जाते. कूलरची उंची: उभे टॉवर कूलर १५५-१६० मिलिमीटरचे असतात, छोट्या कॅबिनेटची काच लागतच नाही मग. तिसरं बोर्डाचं माप, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड चालतो, उलट नाही. बोर्डाच्या खाली पितळी स्टँडऑफ जिथे भोक आहे तिथेच हवेत, जास्तीचा एखादा खाली राहिला तर शॉर्ट.

पण बसणं वेगळं आणि चंद्रपुरात मे काढणं वेगळं. पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, खोलीच ४० ला असेल तर आतलं सगळं तिथून पुढे मोजायचं. पुढून काच म्हणजे हवा आत यायलाच जागा नाही. जाळीच्या तोंडाची घे, पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरतं. कूलरमागे धूळ महिन्याला काढ, आमच्या ओळखीतला एकजण थर्मल पेस्ट बदलून बदलून दमला होता आणि शेवटी कूलरच्या फिनांत गादीचा कापूस निघाला.

आणि रंगीत लाइटा घेणारच असशील (घेशीलच), तर एवढं बघ: तीन पिनांची एआरजीबी ५ व्होल्टवर चालते, चार पिनांची साधी आरजीबी १२ वर. ५ वाली चुकून १२ च्या पिनांवर लावलीस तर दिवाळी एकदाच, कायमची.

प्रश्न: ऑफिसमधून निघालेला जुना पीसी मिळालाय, आय-५ चौथ्या पिढीचा, डीडीआर-३ ८ जीबी, २४० वॅटचा एसएमपीएस. त्यात मोठं कार्ड टाकून गेमिंग होईल का? कुणीतरी इंटेलचं आर्क बी-५८० सुचवलं. — एक वाचक, अकोला

उत्तर: आर्क नको, निदान यात तरी नको. त्या कार्डाला रिसायझेबल बार नावाची सोय बोर्डात चालू असावी लागते, ती नसली की कार्ड निम्म्या जिवाने पळतं, आणि चौथ्या पिढीच्या ऑफिस बोर्डात ती नसते. शिवाय १९० वॅटचं कार्ड २४० च्या एसएमपीएसवर, नकोच तो विषय. एसएमपीएस बदलू म्हणशील तर ऑफिसच्या ब्रँडेड डब्यांत बरेचदा बोर्डाचं पॉवर सॉकेट कंपनीचं खास असतं, बाजारातली २४ पिन त्याला लागत नाही.

यात जे शोभतं ते ७५ वॅटच्या आतलं कार्ड, जे वेगळी वायर न घेता स्लॉटमधूनच पॉवर घेतं. जीटीएक्स १६५० चे असे बिनवायरचे प्रकार आहेत, पण सगळे नाहीत, सहा पिन मागणारे पण आहेत, बघून घे. डबा सडपातळ असेल तर अर्ध्या उंचीचं, लो प्रोफाइल कार्डच मावेल. जुने गेम, क्रिकेट, थोडंफार मित्रांबरोबर खेळणं मजेत होईल. पण विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी मागतो. त्यामुळे यात दोन-अडीच हजारांच्या वर नवीन पैसा ओतू नकोस, जुनं कार्ड मिळालं तर बघ. नवीन एसएसडी मात्र घाल, ती पुढच्या पीसीतही जाईल. याला साटाची २.५ इंची घे, कारण एम-डॉट-टूचा स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसते तो) इथे नसणार. (बाकीच्यांसाठी: एम-डॉट-टू हा फक्त आकार आहे, त्याच आकारात साटा पण येते आणि एनव्हीएमई पण येते, आणि काही बोर्डांवर एक एम-डॉट-टू भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते कुणीही वाचत नाही.)

प्रश्न: दादा अमेरिकेतून दिवाळीला येतोय. कार्ड त्याच्याकडून मागवू का? — एक वाचक, पुणे

उत्तर: भाव बघ, पण वॉरंटी आधी बघ. कार्डांची वॉरंटी बऱ्याचदा ज्या देशात घेतलं तिथलीच असते, सहा महिन्यांनी बिघडलं तर दादाला परत नेऊन द्यावं लागेल आणि तो पुढच्या दिवाळीला येणार. मी प्रोसेसर मागवीन, तो क्वचित बिघडतो. कार्ड इथलंच, जीएसटी बिलासकट. मुंबईला जाणं होत असेल तर लॅमिंग्टन रोडला एक फेरी मार, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. चार दुकानांत तीच यादी दाखव आणि गप्प उभा राहा, कोण कुठला पार्ट हळूच बदलतोय ते बघ, त्यातच बरंच शिकायला मिळतं.

प्रश्न: १८० हर्ट्झचा मॉनिटर घेतला, मला काहीच फरक दिसत नाही. फसवलं का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅडव्हान्स्डमध्ये बघ, ६० वर असणार. तिथे १८० चा पर्यायच दिसत नसेल तर जुनी एचडीएमआय केबल काढ आणि खोक्यातली डिस्प्लेपोर्ट लाव, कार्डात.

प्रश्न: मुलाने तुमचं सदर वाचून यादी केली आहे, आता सुट्टीत जोडणार म्हणतो. पार्टचं मला काही कळत नाही. मला फक्त एवढंच सांगा, लाइट बिल किती वाढेल? — एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, गेम चालू असताना मॉनिटर धरून साधारण ३०० वॅट धरा. रोज तीन तास खेळला तर दिवसाला एक युनिटही पूर्ण होत नाही, महिन्याला सत्तावीस. तुमच्या बिलावर शेवटच्या टप्प्यात युनिटला काय दर लागलाय तो बघा आणि त्याने गुणा. तो तीन तासच खेळेल का, हे मात्र या सदरात येत नाही. जोडायला बसेल त्या दिवशी दुपार मोकळी ठेवा, टेबलावरून चादर काढा, मांजर असेल तर दुसऱ्या खोलीत. आणि इंटेल किंवा एएम-५ चा बोर्ड असेल तर सॉकेटवरचं ते काळं प्लास्टिकचं झाकण कचऱ्यात टाकू नका, खोक्यात जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवायची वेळ आली तर ते मागतात.